मामा, काहीएक करू नका

बारावीनंतर मी परभणीच्या एका कॉलेजात दृकश्राव्य माध्यमांच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा बाबांची अशी समजूत झाली की पोरगी तीन वर्षांनी रेडिओवर बातम्या वाचणार. जिंतूरला आमच्या गल्लीत त्यांनी तसं सांगूनही टाकलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्या मते जगात खरी पदवी एकच, बी.एड. बाकीच्या सगळ्या पदव्या म्हणजे तिच्याकडे जायच्या वाटा. एस.टी. कुठूनही निघाली तरी शेवटी स्टँडवरच येते, असं ते म्हणायचे. त्यामुळे मी नेमकं काय शिकते याची त्यांनी फारशी चौकशी केली नाही.

खरा प्रकार त्यांना दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत कळला. आई चकल्या तळत होती आणि मी मोबाईलवर तिचं शूटिंग करताना तिला सारखी थांबवत होते, कारण मघाशी झारा उजव्या हातात होता आणि आता तो डाव्या हातात गेला होता. बाबांनी विचारलं, ही काय भानगड आहे. मी म्हटलं, अभ्यास. मग एकातून एक निघत त्यांना उमगलं की ही रेडिओची नाही, सिनेमाची शाळा आहे. ते ओरडले नाहीत. आमच्याकडे मास्तर लोक शाळेत ओरडतात आणि घरी अट घालतात. त्यांची अट अशी होती: शेवटच्या वर्षाला जी फिल्म करायची असते, तिच्यात पहिला वर्ग मिळाला तर खुशाल पुण्याला जाऊन पुढचं सिनेमाचं शिक्षण घे, मी आडवा येणार नाही. नाही मिळाला तर गुमान बी.एड.

मी ताबडतोब हो म्हटलं. तेव्हा माझा स्वतःवर फार विश्वास होता. तो आताही आहे, मेंढरांवरचा मात्र उडालाय.

आमचा विभाग लायब्ररीच्या मागं, जिथं पूर्वी मोडकी बाकं टाकत त्या खोलीत होता. खिडक्यांना स्नेहसंमेलनाचे जुने पडदे, भिंतीला एक पांढरी चादर आणि लोखंडी कपाटात एकुलता एक कॅमेरा. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. सर भला माणूस, पण त्यांना एका गोष्टीचं वेड होतं: कंटिन्युइटी. पुस्तकात तिला सातत्य म्हणतात, पण सातत्य म्हटलं की सरांचं समाधान होत नसे. सिनेमातलं एक मिनिट कधी कधी तीन दिवस खपून काढतात, पण बघणाऱ्याला ते एकच मिनिट वाटलं पाहिजे, असं ते सांगत. पहिल्या दिवशी कपात जेवढा चहा, तेवढाच तिसऱ्या दिवशी. शर्टाचं वरचं बटण उघडं, तर ते उघडंच. चादरीवर सिनेमा चालू असताना ते मध्येच थांबवत आणि विचारत, आता काय चुकलं? अख्खा वर्ग खाली बघायचा आणि मी हात वर करायची. बाईच्या कानातलं गेलं सर. भिंतीवरचं घड्याळ मागं गेलं सर. मेणबत्ती वाढली सर.

मेणबत्तीच्या दिवशी सर म्हणाले, हिच्या डोळ्यातून माशीसुद्धा सुटायची नाही. त्या कौतुकानं मी जी चढले ती उतरलेच नाही. मावसबहिणीच्या लग्नात फोटोग्राफरनं नवऱ्याला पुन्हा हार घालायला लावला, तेव्हा मी स्टेजवर जाऊन सांगितलं की पहिल्या वेळी हाराची गाठ मागं होती. मला तिथून हाताला धरून जेवायला नेण्यात आलं.

तर शेवटच्या वर्षाची फिल्म. माझी गोष्ट साधी होती आणि ती एकाच दिवसात घडत होती. एक म्हातारा मेंढपाळ सकाळी उठतो, आपला लाडका मेंढा सोडतो आणि विकायला बाजाराच्या वाटेला लागतो. संध्याकाळी तो मेंढ्यासकट परत येतो आणि दारात बसतो. संपलं. बाजार दाखवायचाच नाही, तिथं काय झालं ते बघणाऱ्यानं ताडायचं. सर म्हणाले, झकास आहे, पण एका दिवसाची गोष्ट म्हणजे सगळा खेळ कंटिन्युइटीचा. मी म्हटलं, सर, म्हणून तर घेतलीय.

म्हाताऱ्यासाठी मला नट शोधायची गरजच नव्हती. राणीसावरगावच्या बाजूला माझे सख्खे मामा मेंढरं राखतात. आईचं माहेर ते. आमच्यातले बाबांसारखे काही शिकून मास्तर झाले, मामांसारखे काही कळपामागं राहिले. मामी तीन वर्षांपूर्वी गेली, दोन्ही पोरं पुण्याला कंपनीत, आणि मामा एकटेच मेंढरांसोबत. पांढरी खुरटी दाढी, धुळीनं रंग उडालेला पटका, मागं पोपडे आलेली भिंत. आणि त्यांचा मेंढा तर काय सांगावा. अंगावर काळी लोकर गुडघ्यापर्यंत आलेली, तिच्यात कुसळं, गोखरू, काटक्या. असा चेहरा आणि असा मेंढा पुण्या-मुंबईच्या लोकांना शोधून सापडत नाही. माझ्या तर घरचेच होते.

कॅमेरा एक आणि विद्यार्थी पुष्कळ, म्हणून वाटणी ठरली. माझ्या वाट्याला दोन लागोपाठचे रविवार आले. पहिल्या रविवारी सकाळचा भाग काढायचा आणि दुसऱ्या रविवारी परत येण्याचा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुढच्या गटाकडे जाणार, मग तो मिळणे नाही. सोबतीला पूर्णेची माझी मैत्रीण होती. कॅमेरा तिच्या हातात आणि हुकूम माझ्या तोंडात. तिचा हात स्थिर होता, हसू मात्र तिला आवरायचं नाही.

गंगाखेडच्या गाडीत आमचा तिपाई स्टँड बघून शेजारच्या काकांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं आम्ही रस्ता मोजायला आलो. कुणाच्या रानातून जायलाय, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मैत्रिणीनं सांगितलं की रस्ता नाही काका, सिनेमा. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी लगेच हिरो कोण ते विचारलं. ती म्हणाली, मेंढा. त्यानंतर काका गंगाखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

मामांकडे पोचलो तर आधी चहा. आम्ही दोघी म्हणालो, नको मामा, घेऊन आलोय, खरंच नको. चहा आला आणि आम्ही प्यालो. थोड्या वेळानं पुन्हा आला, पुन्हा नको म्हटलं, पुन्हा प्यालो. यात विशेष काही नव्हतं, म्हणून तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग कॅमेरा लावला. मामा एकदम ताठ झाले, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं उभं राहतात तसे. मी म्हटलं, मामा, आम्ही इथं नाहीच असं समजा. त्यावर ते म्हणाले, पाहुणे दारात आसून न्हाईत आसं कसं समजायचं? आणि कॅमेरा चालू असतानाच जेवायला काय करू म्हणून विचारत राहिले. शेवटी मैत्रिणीनं शक्कल काढली. ती म्हणाली, मामा, तुम्ही तुमचं काम करा, आम्ही जरा मशीन बघतो. मामा कामाला लागले आणि तिनं सगळं टिपलं: खोकत उठणं, पटका गुंडाळणं, मेंढ्याच्या पाठीवर थाप मारून दावं सोडणं, वाटेला लागणं. मेंढा तर जन्मजात नट निघाला. एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही त्यानं.

निघताना मी मामांना समोर बसवलं. कंटिन्युइटी हा शब्द त्यांच्यासमोर काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून सोप्या भाषेत सांगितलं. मामा, पुढच्या रविवारी आम्ही परत येणार. तोवर काहीएक करू नका. दाढीला हात लावू नका, पटका हाच ठेवा, घर असंच राहू द्या, मेंढ्याला तर शिवूच नका. जसे आहात तसेच राहा. मामा हसून म्हणाले, बरं बाई, न्हाई करत. मला शंका आली म्हणून मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. मी तिसऱ्यांदा, जरा आवाज चढवून सांगितलं. मी मेंढपाळाची भाची, म्हणून जाता जाता लोकर कधी कातरणार तेही विचारून घेतलं. शिमगा झाल्यावर, मामा म्हणाले. शिमग्याला अजून महिना होता. मी भिंतीचे, पटक्याचे, मेंढ्याचे दोन्ही अंगांनी फोटो काढून घेतले आणि निर्धास्त होऊन एस.टी.त बसले.

दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा लांबून मला एक गुलाबी घर दिसलं. लग्नघराला देतात तसला गुलाबी. मला वाटलं, वाट चुकली. जवळ गेल्यावर दारात एक गृहस्थ दिसले. कडक इस्त्रीचं धोतर, कोराकरकरीत भगवा पटका, तुळतुळीत हनुवटी आणि काळ्याभोर रंगवलेल्या मिशा. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, मामांना धाकटा भाऊ आहे हे तू बोलली नव्हतीस.

धाकटा भाऊ नव्हता. आणि मग त्यांच्यामागून मेंढा आला. म्हणजे होता तोच, पण निम्मा. अंगावर लोकरीचा धागा नाही, कातरीच्या पट्ट्या उठलेल्या, शिंगं तेल लावून चकचकीत, गळ्यात लाल गोंडा, कपाळावर गुलाल. मामांनी भावकीतली माणसं बोलावून महिनाभर आधीच कातरणी उरकली होती. एकट्या मेंढ्याची केली तर बरं दिसायचं नाही म्हणून सबंध कळपाची. मागं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सगळी मेंढरं उघडी होऊन, आपल्याला काय झालं या विचारात उभी होती. मैत्रिणीनं कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली आणि स्वतःही खाली बसली. तिला उभं राहून हसता येईना.

"कसं काय जमलंय?" मामांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, मी काय सांगितलं होतं?"

"काहीएक करू नका म्हनलीस."

"मग?"

"मंग? चहालाबी नकोच म्हनली हुतीस. दोनदा पेलीस की."

तीन वर्षं मी कपातला चहा किती हे बघायला शिकले होते, पण तो कप हातात कसा आला याकडे बघायचं राहून गेलं. आमच्याकडे नको म्हणणं ही रीत आहे. नको म्हटल्यावर जो खरंच थांबतो त्याला चिक्कू म्हणतात. काही करू नका, असं पाहुणा म्हणाला की यजमानानं कामाला लागायचं असतं आणि पाहुणा जेवढं ठासून म्हणेल तेवढं जास्त करायचं असतं. मी तर तीनदा म्हटलं होतं, आणि तिसऱ्यांदा आवाज चढवून. दुसऱ्यांदा म्हटलं त्यावर बहुतेक घराला रंग मिळाला आणि तिसऱ्यावर सबंध कळप भादरला गेला. चौथ्यांदा म्हटलं असतं तर मामांनी मांडव घातला असता.

उन्हं कलायला लागली होती. उद्या कॅमेरा परत करायचा होता. सकाळी दाढीवाला म्हातारा केसाळ मेंढा घेऊन बाजाराला गेला, आणि संध्याकाळी हा नवरदेवाचा बाप सोललेला मेंढा घेऊन गुलाबी घरी परत येणार. हे सरांना दाखवायचं? मला डोळ्यांसमोर बी.एड.चा वर्ग दिसायला लागला. फळा, खडू, आणि मी पाठ टाचण काढतेय.

मी विचारलं, लोकर कुठाय? मामांनी पोतं दाखवलं. मी म्हटलं, परत बांधायची.

मामांनी का म्हणून विचारलं नाही. पाहुणीची इच्छा. त्यांनी सुतळीचा तोडा आणून दिला आणि मेंढ्याला धरून बसले. मी लोकरीचे पुंजके करून मेंढ्याच्या पाठीवर, पोटाखालून सुतळी घेऊन बांधायला सुरुवात केली. महिनाभर लवकर हलकं व्हायला मिळालं म्हणून मेंढा खुशीत होता, हे प्रकरण काही त्याच्या पचनी पडेना. तरी चार-पाच पुंजके त्यानं सोसले. मग त्याला शिंक आली. तो अंग झाडून उठला, मामांच्या हातातून सुटला आणि वस्तीभर पळत सुटला, मागं लोकर सांडत, पोटाखाली सुतळी लोंबत. कळपातल्या मेंढरांनी त्याला ओळखलं नाही. ती घाबरून वाघरीच्या दुसऱ्या कडेला जाऊन दाटली. मी फोटो हातात घेऊन, कुठला पुंजका कुठं होता ते बघत त्याच्यामागं धावत होते.

तेही सोडून दिलं आणि मामांच्या दाढीकडे वळले. ज्वारीच्या पिठाची खळ केली आणि त्यांच्या हनुवटीला लोकर चिकटवली. आता दाढी त्यांची पांढरी आणि लोकर काळी, हे माझ्या डोक्यात आलं होतं, पण माणूस बुडायला लागला की काडीही धरतो. लांब जाऊन बघितलं तर गुलाबी भिंतीपुढं तालमीच्या नाटकातला राक्षस बसला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही धड नाही. मी बाजेवर बसले आणि रडायला लागले. मला राग आला की रडू येतं. लोक त्याला दुःख समजतात आणि मग मला आणखी राग येतो.

मामा तसेच उठले आणि आत गेले. परत आले ते हातात मामीचा फोटो घेऊन. भिंतीवरून काढून आणला होता, त्याला झेंडूचा ताजा हार होता. मी तो फोटो पूर्वी पाहिला होता आणि दर वेळी नजर फिरवली होती. मामीच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतलेला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड जरा उघडं, कपाळावर घाम, आणि चोरी करताना धरल्यासारखा चेहरा. माझी मामी म्हणजे दोन वस्त्यांपलीकडे हसू ऐकू जाणारी बाई. मला केस विंचरून देतानाही हसायची.

"सरकारी काम हाय, त्याला कशाला नटायचं, म्हनली. रानातून उठून तशीच गेली," मामा म्हणाले. लोकरीची दाढी एका बाजूनं सुटून लोंबत होती. "गेल्यावर पोरायनं हुडकला तर दुसरा एकबी न्हाई. आता रोज सकाळी उठलं की माज्याकडं आशी बगती. लय हसायची गं बाई. ह्यात हाय का हसू?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हनलं आपलंबी आसंच हुनार. पोरं आधारवरचाच लावतील. तू कॅमेरा घिऊन यायलीस, तर आपला एक तरी बेस निघंल."

मैत्रिणीचं हसू थांबलं होतं. आणि मी, माशीसुद्धा न सोडणारी, इतकी वर्षं त्या घरात ये-जा करत होते. मला फार वाईट वाटलं. मामीची इतकी आठवण आली की बी.एड. पार मागं पडलं.

मी पाणी कोमट करून मामांची हनुवटी धुतली. पटका नीट केला. गुलाबी भिंतीपुढं बाज ठेवून त्यांना बसवलं. मेंढा आपणहून येऊन शेजारी उभा राहिला, पोटाखालची सुतळी मी तशीच राहू दिली. मामांनी मामीचा फोटो मांडीवर, आमच्याकडे तोंड करून उभा धरला. मैत्रिणीनं कॅमेरा त्यांच्यावर लावला. मामांना वाटत होतं आपला फोटो निघतोय, त्यामुळे ते पापणीही हलवत नव्हते. बराच वेळ गेला. मला काळजी वाटायला लागली.

"मामा, श्वास घ्या."

"काढ तू आगुदर," ते ओठ न हलवता म्हणाले.

तेवढ्यात मेंढ्यानं मान वळवली आणि मामीच्या फोटोवरचा झेंडूचा हार खायला घेतला. मामांना मान हलवायची नव्हती. त्यांनी डोळे तेवढे खाली नेले, बघितलं, आणि मग ते हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खदाखदा, मामीसारखं. हसता हसता मेंढ्याला फोटोपासून ढकलत होते आणि तो हटत नव्हता. मैत्रिणीनं कॅमेरा बंद केला नाही.

तिनं तो दुपारपासूनच बंद केला नव्हता, हे मला परभणीला येऊन सगळं जोडायला बसल्यावर कळलं. लोकर बांधणं, मेंढ्याची शिंक, मी फोटो घेऊन पळतेय, राक्षसाची दाढी, सगळं होतं. माझ्या गोष्टीतला बाजार, परत येणं, काहीच नव्हतं. मी असलेलं सगळं घडलं त्या क्रमानं जोडलं आणि सरांपुढं ठेवलं.

चादरीवर म्हातारा केसाळ मेंढा घेऊन वाटेला लागला आणि पुढच्याच क्षणी मेंढ्याची लोकर नाहीशी झाली. सरांनी डोळे मिटून घेतले. फिल्म संपल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, कंटिन्युइटीला शून्य. इतक्या वर्षांत मी शून्य कुणाला दिलेलं नाही. मी मान खाली घातली. मग त्यांनी शेवटचा शॉट परत लावायला सांगितला. तो संपल्यावर आणखी एकदा. त्यानंतर ते चष्मा पुसत बसले आणि मी जाऊ का हे विचारायचीही मला हिंमत होईना.

बाकी सगळीकडे चांगले गुण मिळाले. पण शून्य ते शून्यच. पहिला वर्ग थोडक्यात हुकला.

वर्षाअखेरीस सगळ्यांच्या फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवल्या. बाबा जिंतूरहून आले, त्यांना निकाल कळला होता. मामा तोच भगवा पटका बांधून आले. मेंढ्याच्या शिंकेला अख्खा हॉल हसून पडला. सगळ्यांत मोठ्यानं मामा हसले आणि शेजाऱ्यांना सांगत सुटले की मेंढा आपला हाय. शेवटचा शॉट लागला तेव्हा मात्र ते खुर्चीत ताठ झाले. पडद्यावरचे मामा हसायला लागले, हॉल हसला, आणि खुर्चीतल्या मामांनी उपरणं डोळ्यांना लावलं. दिवे लागल्यावर ते बाबांना म्हणाले, "दाजी, भितीला ह्योच लावायचा बगा. तिलाबी घेतलंय संगं. पोरायला सांगून ठिवा."

बाबांनी मान डोलावली. जिंतूरच्या गाडीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मेंढ्याला आता लोकर किती आली असेल. मी म्हटलं, बोटभर. मग ते झोपले. मी मनाची तयारी केली होती. अट म्हणजे अट, आणि मी ती हरले होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंगणात दात घासत होते, तेव्हा बाबा बाहेर आले. गुळगुळीत दाढी, झेंडावंदनाचा पांढरा शर्ट, आणि जन्मात पहिल्यांदा रंगवलेले केस. कानामागं जरा काळं लागलं होतं. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, भिंतीपुढं ठेवली, भिंत हातानं झटकली आणि बसले.

"पुण्याला जायच्या आधी माझाबी एक नीट काढून ठेव," ते म्हणाले.

मी ब्रश तोंडात धरून उभी राहिले. म्हटलं, बाबा, बी.एड.?

"ते कुठं पळून चाललंय? काढ, ऊन वर यायलंय."

आतून आईनं ओरडून सांगितलं, थांबा, मी साडी बदलून येते. मी तोंड धुतलं, मोबाईल आणला आणि त्यांच्यासमोर बसले. आईला यायला वेळ लागत होता. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पापणीही न हलवता माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, बाबा, श्वास घ्या. आई येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.